काळपुळीचं विष: जनावर नेमकं कशानं मरतं?

या मालिकेत आपण आतापर्यंत कारणता या विषयाभोवती बरंच फिरलो. न्यायदर्शन कारण कशाला म्हणतं, मिलच्या पद्धती काय सांगतात, हे सगळं झालं. आज एक ठोस प्रकरण घ्यायचं आहे. एक रोग घेऊ, आणि त्याच्याबद्दल एकच प्रश्न विचारू. तो प्रश्न सुटायला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली आणि काही प्रमाणात तो अजूनही उघडा आहे. मी जीवरसायनशास्त्राचा माणूस नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण हा इतिहास तत्त्वज्ञानाच्या माणसानं वाचावा असाच आहे, म्हणून आज तो मांडतो.

रोग म्हणजे काळपुळी. जनावरांत झाला की आपल्याकडे त्याला फाशी असंही म्हणतात. माणसाच्या कातडीवर हा रोग उठतो तेव्हा मधोमध काळा पडलेला व्रण दिसतो, तिथून काळपुळी. ग्रीक भाषेत 'अँथ्रॅक्स' म्हणजे कोळसा. फ्रेंचमध्ये 'शार्बों', म्हणजे पुन्हा कोळसाच. जर्मन लोकांनी मेलेलं जनावर उघडून पाहिलं, त्यांना सुजलेली काळी पाणथरी दिसली, म्हणून त्यांनी पाणथरीचा दाह या अर्थाचं नाव दिलं. नावं अशी डोळ्यांना जे दिसतं त्यावरून पडतात. त्यात कारण नसतं, आणि नावानं तशी फुशारकीही मारलेली नसते.

या रोगाची धनगरांना आणि गुराख्यांना माहीत असलेली खूण अशी: सकाळी चरायला गेलेली मेंढी संध्याकाळी मेलेली सापडते. आजारी दिसलीच तर काही तास. नाकातोंडातून काळपट रक्त येतं आणि ते गोठत नाही. असं जनावर फाडायचं नाही, सोलायचं नाही, खोल पुरायचं, हे आजही पशुवैद्य बजावून सांगतात. का, ते पुढे येईलच.

आता प्रश्न. ही मेंढी कशानं मेली?

तुम्ही म्हणाल, जीवाणूनं. बरोबर. पण हे उत्तर किती खोल जातं ते पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये रेये आणि दाव्हेन यांनी मेलेल्या मेंढ्यांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काड्या पाहिल्या. साल १८५०. जर्मनीत पोलेंडरनंही तेच पाहिलं. दिसलं, पण दिसलं म्हणजे कारण ठरलं असं नव्हे. रोग्याच्या अंगात जे जे सापडतं ते सगळं कारण नसतं. आपल्या नैयायिकांनी यासाठी फार सुंदर संज्ञा करून ठेवली आहे: अन्यथासिद्ध. घडा होण्यापूर्वी कुंभार असतो, चाक असतं, दंड असतो, आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं. गाढव घड्याच्या आधी हजर असतं म्हणून ते घड्याचं कारण होत नाही. तर प्रश्न हा होता की रक्तातल्या या काड्या म्हणजे कुंभार की गाढव? पुष्कळ शहाण्या माणसांचं मत होतं की गाढव. रोग आधी होतो, रक्त नासतं, आणि नासलेल्या रक्तात या काड्या होतात.

हा वाद दोघांनी मिटवला. रॉबर्ट कॉख तेव्हा वोल्श्टाइन नावाच्या प्रशियन गावात सरकारी डॉक्टर होता. वय बत्तीस. प्रयोगशाळा म्हणावी असं काही नाही. त्यानं लाकडाच्या बारीक काडीनं उंदरांना शेपटीच्या मुळाशी टोचलं, मेलेल्या उंदरापासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला, असं वीस पिढ्या चालवलं. शिवाय बैलाच्या डोळ्यातलं स्वच्छ पाणी काढून त्याच्या थेंबात या काड्या वाढताना प्रत्यक्ष पाहिल्या. काड्या लांब होतात, धागे होतात, आणि धाग्यांत चकचकीत मणी धरतात. हे मणी म्हणजे बीजाणू. १८७६ च्या एप्रिलमध्ये तो हे सगळं सामान घेऊन ब्रेस्लाउला फर्डिनांड कोन या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेला आणि समोर करून दाखवलं. त्याच वर्षी ते छापलं गेलं.

बीजाणू सापडले आणि एक जुनं कोडं उलगडलं. फ्रान्समध्ये काही कुरणं शापित मानली जात. तिथे मेंढ्या नेल्या की मरायच्या. जिवंत काडी मातीत फार टिकत नाही, पण बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात. आणि बीजाणू धरायला हवा लागते. न फाडलेल्या मढ्याच्या आत काड्या कुजून मरतात. फाडलं, रक्त सांडलं की हवा लागते आणि त्या बीजाणू होऊन बसतात. म्हणून फाडायचं नाही. व्यवहारातला नियम आणि सूक्ष्मदर्शकाखालचं निरीक्षण इतकं नीट जुळावं, असं इतिहासात फार वेळा घडत नाही.

दुसरा माणूस लुई पाश्चर. १८७७ मध्ये त्यानं आणि झूबेरनं एक हुशारी केली. रोगी रक्ताचा एक थेंब पोषक द्रवात टाकायचा, वाढू द्यायचा, त्यातला एक थेंब नव्या बाटलीत, त्यातला पुन्हा नव्या बाटलीत. इतक्या वेळा, की मूळ रक्तातलं काही म्हणता काही शिल्लक राहणार नाही. शेवटच्या बाटलीतला थेंब तरीही मारतो. म्हणजे मारणारी गोष्ट वाढणारी आहे, विरळ होत जाणारी नाही. शिवाय त्यांनी रोगी रक्त प्लॅस्टरमधून गाळलं. काड्या अडकल्या, खाली आलेला द्रव टोचला, जनावराला रोग झाला नाही. काड्या आहेत तिथे मरण, काड्या नाहीत तिथे मरण नाही. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पुरे झाले. कुंभार सापडला.

इथे बहुतेक पुस्तकं थांबतात, आणि मला वाटतं इथेच खरी गोष्ट सुरू होते.

कारण कुंभार सापडला, पण घडा कसा होतो? नैयायिक इथे आणखी एक पाऊल टाकतात. कुऱ्हाड झाड तोडते. पण कुऱ्हाड नुसती असून भागत नाही. कुऱ्हाडीचा झाडाशी जोराचा संयोग व्हावा लागतो. तो संयोग कुऱ्हाडीतून निपजतो आणि तोडणं त्या संयोगातून निपजतं. या मधल्या गोष्टीला ते व्यापार म्हणतात. बाजारातला व्यापार नव्हे. करण आणि कार्य यांच्या मधला दुवा. तर काळपुळीच्या जीवाणूचा व्यापार कोणता? ही काडी मेंढीला काय करते?

पाश्चरचं उत्तर होतं: श्वास कोंडते. या काड्यांना प्राणवायू लागतो, त्या रक्तपेशींकडून तो हिसकावतात, म्हणून रक्त काळं पडतं आणि जनावर गुदमरतं. उत्तर देखणं आहे. काळं रक्तही त्यात बसतं. दुसरं एक उत्तर त्याहून साधं होतं: मरताना जनावराच्या रक्तात इतक्या काड्या असतात, एका मिलिलिटरला कोटी-कोटींच्या घरात, की त्या केशवाहिन्याच तुंबवतात. ओढ्यात ओंडके अडकावेत तसं. आणि तिसरं उत्तर: काड्या काहीतरी विष सोडतात.

तिसरं उत्तर सर्वात वजनदार ठरायला हवं होतं, कारण काळ त्याचाच होता. १८८८ मध्ये पाश्चरच्याच संस्थेत रू आणि येर्सां यांनी माणसांतल्या घटसर्पाच्या जीवाणूचा द्रव गाळून नुसत्या द्रवानं प्राणी मारून दाखवले. जाता जाता सांगतो, आपण घटसर्प हा एकच शब्द लहान मुलांच्या घशाच्या रोगाला आणि गुराढोरांच्या एका निराळ्याच रोगालाही वापरतो. दोन्हींचे जीवाणू वेगळे. इथे मी माणसांतल्या घटसर्पाबद्दल बोलतो आहे. १८९० मध्ये धनुर्वाताच्या विषाची पाळी आली. बेरिंग आणि कितासातो यांनी त्यावर उतारा देणारं रक्तजल काढलं. सगळीकडे विषं सापडत होती. मग काळपुळीचंही सापडणारच, असं सर्वांना वाटलं.

सापडलं नाही. जीवाणू बाटलीत वाढवा, गाळा, द्रव टोचा, जनावर खुशाल. पुन्हा करा, तेच. आणि पाश्चरचा गाळण्याचा प्रयोग होताच विरोधात साक्ष द्यायला. मग हळूहळू मत असं घट्ट होत गेलं की या जीवाणूला विषच नाही. १८७६ चा आदर्श रोग, ज्याच्यावरून जंतुवादाची पाठ्यपुस्तकं लिहिली गेली, त्याच रोगात जंतू मारतो कसा, याला उत्तर नाही! प्राध्यापक मंडळी ओंडक्यांची उपमा शिकवत राहिली.

आता एक आडवळण घेतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाश्चरची लस.

१८८१ सालचा पुई-ल-फॉरचा जाहीर प्रयोग तुम्ही ऐकला असेल. मलँ गावाजवळचं शेत, पन्नासच्या आसपास शेळ्या-मेंढ्या, काही गाई. निम्म्यांना ५ मे आणि १७ मे रोजी लस, ३१ मे रोजी सगळ्यांना जहाल जीवाणू. २ जूनला पत्रकार, जमीनदार, पशुवैद्य सगळे जमले. लस न दिलेल्या मेंढ्या मेलेल्या किंवा मरत असलेल्या, लस दिलेल्या चरताहेत. पाश्चर जगप्रसिद्ध झाला. नंतर, म्हणजे फार नंतर, १९९५ मध्ये जेराल्ड गायसन या इतिहासकारानं पाश्चरच्या खासगी वह्या वाचून दाखवून दिलं की त्या दिवशी वापरलेली लस पाश्चरची स्वतःची, हवेत ठेवून सौम्य केलेली नव्हती. ती त्याचा सहकारी शांबरलां यानं पोटॅशियम डायक्रोमेटनं सौम्य केलेली होती. आणि रसायनानं सौम्य करण्याची कल्पना तूलूझचा पशुवैद्य तूसें याच्या वाटेनं जाणारी होती, ज्याच्याशी पाश्चरची स्पर्धा चालली होती. यावर बराच गदारोळ झाला. माझं मत विचाराल तर पाश्चरनं लोकांना जे समजू दिलं ते अप्रामाणिक होतं, आणि त्याची लस उपयोगी होती, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. त्यांना एकमेकांत मिसळायची गरज नाही.

पण आपल्याला हवा आहे तो वेगळा मुद्दा. पाश्चरची नेहमीची पद्धत होती जीवाणू ४२ ते ४३ अंशांवर वाढवायची. तसं केलं की तो सौम्य होतो. का होतो? पाश्चरला वाटे, तो थकतो, दुबळा होतो. खरं कारण १९८३ मध्ये कळलं. या जीवाणूच्या विषाची जनुकं त्याच्या मुख्य गुणसूत्रावर नाहीतच. ती एका वेगळ्या वर्तुळाकार डीएनएवर, प्लाझ्मिडवर आहेत. त्या उष्णतेत वाढवलं की विभागणाऱ्या पेशींतून हे वर्तुळ गळून पडतं. म्हणजे पाश्चर शंभर वर्षांपूर्वी विषाची जनुकंच काढून टाकत होता आणि त्याच वेळी विष नसल्याचा सिद्धांत मांडत होता! यात एक गंमत आहे. विष पुरतं गेलेला जीवाणू लस म्हणून फारसा उपयोगाचा नाही, हे आज माहीत आहे. पाश्चरची लस लागू पडे, कारण ती शुद्ध नव्हती. तिच्यात वर्तुळ शाबूत असलेले काही जीवाणू उरत असत, असं आज मानलं जातं. म्हणूनच ती कधी फार सौम्य निघे, कधी लस दिलेली मेंढीच दगावे.

परत आपल्या प्रश्नाकडे. कोंडी फुटायला सुरुवात झाली ती बाटलीवरचा विश्वास उडाल्यावर. १९०४ मध्ये ऑस्कर बाइल या संशोधकाच्या ध्यानात आलं होतं की रोगी जनावराच्या सुजेतलं पाणी जीवाणू काढून टाकून टोचलं तर दुसऱ्या जनावरात रोगप्रतिकार तयार होतो. बाटलीतल्या द्रवानं होत नाही, अंगातल्या पाण्यानं होतो. म्हणजे जिवंत अंगात हा जीवाणू काहीतरी करतो जे तो बाटलीत करत नाही. सूचना स्पष्ट होती. पण सूचना असणं आणि ती ऐकू येणं यात अंतर असतं. १९४६ मध्ये ऑक्सफर्डला ग्लॅडस्टन यानं बाटलीत रक्तजल घातलं आणि तोच संरक्षक पदार्थ बाटलीत मिळवला. त्याला त्यानं नाव दिलं संरक्षक प्रतिजन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याची थट्टा होणार आहे.

मग हॅरी स्मिथ आणि जेम्स केपी. जागा पोर्टन डाउन, इंग्लंडचं सरकारी युद्धसंशोधन केंद्र. हे विसरून चालणार नाही. काळपुळीवर पैसा का होता? मेंढ्यांसाठी नव्हता. १९४२ मध्ये याच केंद्रातल्या लोकांनी स्कॉटलंडच्या ग्रिनर्ड बेटावर साठ मेंढ्या बांधून त्यांच्यावर काळपुळीच्या बीजाणूंचा बॉम्ब फोडला होता. मेंढ्या मेल्या, बेट अठ्ठेचाळीस वर्षं बंद राहिलं, १९९० मध्ये ते खुलं केलं गेलं. ज्ञान कोणत्या घरात जन्मलं हे सांगितल्याशिवाय ज्ञानाचा इतिहास सांगता येतो असं मला वाटत नाही.

स्मिथचा विचार अगदी सरळ होता. तो जीवरसायनाचा माणूस. तो म्हणाला, बाटली सोडा. जिथे मरण घडतं तिथेच शोधा. त्यानं आणि केपीनं गिनीपिगांना काळपुळी दिली, मरणाच्या दारात असताना त्यांचं रक्त आणि छातीपोटातला द्रव गोळा केला, जीवाणू काढून टाकून तो द्रव निर्जंतुक केला आणि निरोगी जनावराच्या कातडीत टोचला. सूज आली. जास्त मात्रेत शिरेतून दिला, जनावर मेलं. आणि काळपुळीविरुद्धचं रक्तजल आधी मिसळलं तर काही झालं नाही. १९५४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात हे छापलं गेलं. काडी एकही नाही, तरी मरण आहे. विष सापडलं.

पण मला याहून मोलाचा वाटतो तो त्यांचा पुढच्या वर्षीचा प्रयोग. नीट पाहा. काड्या हजर असताना जनावर मरतं, यावरून ओंडक्यांचा सिद्धांत पाडता येत नाही. व्यतिरेक हवा: काड्या काढून घ्या आणि पाहा. पण जिवंत जनावराच्या रक्तातून काड्या काढायच्या कशा? पाश्चरला ते शक्यच नव्हतं, कॉखला नव्हतं. तर्क सगळा हातात होता, हत्यार नव्हतं. ते हत्यार १९४० च्या दशकात मिळालं: स्ट्रेप्टोमायसिन. त्यांनी गिनीपिगांना रोगाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर हे औषध दिलं. लवकर दिलं तर जनावर वाचे. पण रक्तातल्या जीवाणूंची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की, रक्तातले जीवाणू नाहीसे झाले तरी जनावर काही तासांनी मरेच. आणि ही मर्यादा किती? मरताना जेवढे जीवाणू असतात त्याच्या सुमारे तीनशेवा हिस्सा. तीनशेवा! तेव्हा वाहिन्या तुंबायचा प्रश्नच नाही, प्राणवायू संपायचा प्रश्न नाही. चोर घरातून बाहेर काढला तरी घर जळतंच आहे, कारण आग आधीच लावून झालेली आहे. ओंडक्यांचा सिद्धांत त्या दिवशी संपला. मी तर्कशास्त्र शिकवत असताना व्यतिरेकाचं उदाहरण म्हणून धूर आणि अग्नीच देत असे, सगळेच देतात. पण याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता विष हातात आल्यावर ते काय आहे ते पाहायचं. इथे गोष्ट आणखी चमत्कारिक होते. द्रव शुद्ध करायला घेतला की विषारीपणाच नाहीसा होई. नेहमी शुद्ध केल्यावर विष जहाल होतं, इथे उलट. १९६० च्या सुमारास पोर्टनला आणि अमेरिकेच्या फोर्ट डेट्रिकला, म्हणजे पुन्हा युद्धाच्याच घरात, कारण कळलं. विष एक नव्हतंच. तीन वेगवेगळी प्रथिनं होती, आणि तिन्ही एकेकटी निरुपद्रवी. एक टोचा, काही नाही. दुसरं टोचा, काही नाही. तिसरं, तेच. पहिलं आणि दुसरं एकत्र दिलं की सूज. पहिलं आणि तिसरं एकत्र दिलं की मरण; एका विशिष्ट जातीचे उंदीर तर तासाभराच्या आत मरतात. आणि दुसरं-तिसरं एकत्र, पहिल्याशिवाय? काही नाही.

आपल्या शास्त्रात कारणसामग्री हा शब्द आहे. एकेक कारण कार्य घडवत नाही, सगळी सामग्री जमली की कार्य अटळ होतं. इथे सामग्री अशी शब्दशः तीन कुप्यांत टेबलावर ठेवलेली होती.

या तिघांची नावं पाहा. दुसऱ्याचं नाव सूजकारक घटक, तिसऱ्याचं मारक घटक. ठीक. आणि पहिलं, ज्याच्याशिवाय बाकी दोघांचं पान हलत नाही, ते कोणतं? ग्लॅडस्टनचा संरक्षक प्रतिजन! लस करणाऱ्याला तो संरक्षक दिसला, म्हणून त्याचं नाव संरक्षक. जीवाणूच्या बाजूनं पाहिलं तर तो दार फोडणारा आहे. नाव आजही तेच चालू आहे.

हे दार कसं फुटतं ते थोडं सांगतो, कारण ते कळल्यावर मी स्वतः दोन दिवस त्याचाच विचार करत होतो. हा दारफोड्या ८३ किलोडाल्टनचा रेणू आहे. तो जनावराच्या पेशीवरच्या ठरावीक ग्राहीला चिकटतो. हे ग्राही २००१ आणि २००३ मध्ये ओळखले गेले. मग पेशीचंच एक विकर, फ्युरिन नावाचं, त्याचा २० किलोडाल्टनचा तुकडा कापून टाकतं. म्हणजे कडी घरातल्याच माणसानं काढली. उरलेले ६३ चे असे सात तुकडे, कधी आठ, गोल करून उभे राहतात आणि कडं होतं. त्या कड्यावर मारक आणि सूजकारक घटक येऊन बसतात. पेशी हे सगळं गिळून एका पिशवीत घेते आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे ती पिशवी आंबट करते, आलेलं पचवण्यासाठी. त्या आंबटपणानंच कड्याचा आकार बदलतो, त्याची नळी होते आणि ती पिशवीच्या पडद्यातून आरपार जाते. नळी इतकी अरुंद आहे की घडी घातलेलं प्रथिन तिच्यातून जाऊच शकत नाही. मग ते उलगडतं, धागा होतं, सुईतून दोरा जावा तसं पलीकडे जातं आणि पलीकडे पुन्हा घडी घालून बसतं. कापणं पेशीचं, गिळणं पेशीचं, आंबट करणं पेशीचं. जीवाणूनं फक्त पेशीच्या सवयी ओळखून रेणू घडवलेला आहे. 'ओळखून' हा शब्द मी सैलपणे वापरला, उत्क्रांती काही ओळखत नाही; पण मराठीत याला दुसरं क्रियापद मला सुचत नाही.

आत गेल्यावर काय? सूजकारक घटकाचं काम १९८२ मध्ये स्टीफन लेप्ला यानं उलगडलं. ते स्वतःच एक विकर आहे. पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा संदेश देणारा रेणू बेसुमार तयार करतं, पेशीचा पाण्याचा हिशेब बिघडतो, सूज येते. पण ते चालू व्हायला कॅल्मोड्युलिन हे प्रथिन लागतं आणि ते जीवाणूत नसतं, प्राण्यांच्या पेशीत असतं. म्हणजे आपल्या घरात हत्यार बोथट, दुसऱ्याच्या घरात गेलं की धारदार. कॉलऱ्याचं विषही शेवटी हाच संदेश वाढवतं, वाट मात्र निराळी. आणि कॉलऱ्याच्या विषाचा पहिला ठोस पुरावा १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी दिला, सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात जीवाणूविरहित द्रव सोडून. स्मिथ-केपीनंतर अवघी पाच वर्षं. त्या माणसाला हयातीत मान फार थोडा मिळाला. ती गोष्ट वेगळ्या व्याख्यानाची आहे.

मारक घटक ही जस्त बाळगणारी कात्री आहे. १९९८ मध्ये कळलं की ती पेशीतल्या निरोप पोचवणाऱ्या एका साखळीतली एमईके नावाची प्रथिनं टोकाशी कापते. निरोप पोचत नाही. प्रतिकार करणाऱ्या पेशींना हल्ला झाल्याची वर्दीच मिळत नाही.

आणि आता बाटलीचं कोडं. बाटलीत विष का सापडत नव्हतं? विषाची जनुकं चालू व्हायला बायकार्बोनेट किंवा कार्बन डायऑक्साइड लागतो आणि शरीराच्या बेताचं तापमान. जनावराच्या रक्तात तो भरपूर असतो, साध्या पोषक द्रवात नसतो. म्हणजे पन्नास-साठ वर्षं संशोधक जीवाणूला अशा जागी नेऊन विचारत होते, जिथे त्याला बोलायचं कारणच नव्हतं.

तर मेंढी कशानं मेली? विषानं. पण थांबा, प्रश्न पुन्हा एक पायरी खाली सरकतो. विषानं कोणाला मारलं म्हणून मेंढी मेली? १९९० च्या दशकात उत्तर होतं महाभक्षी पेशी, ज्या जंतू गिळतात त्या. उंदरांच्या काही जातींत या पेशी विषानं पटापट फुटतात. देखणं उत्तर, पाश्चरच्या गुदमरण्यासारखं. मग लक्षात आलं की ज्या जातींत या पेशी फुटत नाहीत ते उंदीरही मरतात. गाढव! २०१३ मध्ये लेप्लाच्याच गटानं उंदरांच्या एकेका अवयवातला ग्राही जनुकीय युक्तीनं काढून टाकून पाहिलं. मारक विषाचं मुख्य लक्ष्य हृदयाचा आणि वाहिन्यांचा स्नायू निघालं, सूजकारक विषाचं यकृत. पद्धत तीच, १८७७ ची: एक काढा आणि पाहा. फक्त काढायची गोष्ट जनावरातून काडी, काडीतून रेणू, आणि आता एका अवयवातून ग्राही, इतकी बारीक होत गेली. आणि हे उंदरांत. मेंढी उंदीर नव्हे. गिनीपिग, माकड, मेंढी यांच्यात या रोगाची तऱ्हा सारखी नसते, हे स्मिथच्या काळापासून माहीत आहे.

कुणी म्हणेल, सर, हा सगळा शब्दांचा काथ्याकूट. जीवाणू मारा, रोग गेला. व्यापार बियापार कळून काय करायचं? याचं उत्तर २००१ मध्ये अमेरिकेत मिळालं. टपालातून काळपुळीचे बीजाणू पाठवले गेले. बावीस जणांना रोग झाला, पाच मेले. प्रतिजैविकं हाताशी असूनही मेले, कारण औषध सुरू होईपर्यंत तो तीनशेवा हिस्सा ओलांडला गेल्यासारखी स्थिती झाली होती. जीवाणू मारणारं औषध विषावर चालत नाही. मग संरक्षक प्रतिजनालाच जखडून ठेवणारं प्रतिद्रव्य तयार केलं गेलं, ते ग्राहीला चिकटूच देत नाही. रॅक्सिबॅक्युमॅब नावानं २०१२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. माणसांवर चाचणी करणं नीतीला धरून नव्हतं, म्हणून गुण येतो की नाही हे सशांवर आणि माकडांवर तपासलं. पुन्हा जनावरंच.

मेंढीला अर्थातच हे औषध कुणी देणार नाही. तिच्यासाठी १९३७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ऑन्डरस्टेपोर्टच्या पशुवैद्यकीय संस्थेत मॅक्स स्टर्न यानं केलेली लस आहे, आणि जगभर, आपल्याकडेही, तीच टोचली जाते. या जीवाणूला विषाखेरीज एक कवचही असतं, त्यामुळे भक्षी पेशी त्याला गिळू शकत नाहीत. कवचाची जनुकं दुसऱ्या प्लाझ्मिडवर आहेत. स्टर्ननं कवच गमावलेला, पण विष शाबूत असलेला जीवाणू निवडला. म्हणजे पाश्चरच्या बरोबर उलटं. प्लाझ्मिड हा शब्दही तेव्हा नव्हता. बिनकवची जीवाणू अंगात गेला की थोडं विष सोडतो, लगेच गिळला जातो, आणि मेंढीचं अंग त्या दारफोड्या रेणूला ओळखून ठेवतं. दर वर्षी, रोगाच्या पट्ट्यात, शक्यतो पावसाळ्याआधी ही लस द्यायची असते, कारण प्रतिकार साधारण वर्षभरच टिकतो. बीजाणू मात्र मातीत वाट पाहत त्याहून कितीतरी जास्त काळ पडून राहतात.

प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतून हात वर आला आहे, आपण विचारा.